मास्तरांनी विमानाला ब्रेक लावला

"विमान उतरवणं म्हणजे काय मोठं! रस्ता सरळ, समोरून कोणी येत नाही, मध्ये गतिरोधक नाही, आणि गाडी लावायला माणूस हातात दिवे घेऊन उभा! वर हल्ली ते यंत्रच म्हणे आपोआप उतरवतं. मग पायलट करतो काय?"

असं मास्तर जेवता जेवता म्हणाले आणि तिथेच फसले. समोर बसलेल्या त्यांच्या बायकोने हातातला पेला खाली ठेवला.

"एवढं सोपं असेल तर मग लेकीकडे यायला काय झालंय?"

लेक समुद्रापलीकडे राहायची. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण. तिथे विमानाशिवाय पोचायची सोय नव्हती आणि मास्तर सहा महिने सबबी पुरवत होते. आधी गुडघा झाला, मग विद्यार्थ्यांच्या परीक्षा झाल्या, परवा तर पासपोर्टवरचा फोटो आपला वाटत नाही इथपर्यंत मजल गेली होती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला गाडी त्यांनी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला तिच्यापासून वाचवलं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस खांबाकडे निघाला की मास्तरांचा उजवा पाय डोक्याला न विचारता खाली जातो. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी जातो. सोफ्यापुढची सतरंजी तेवढ्याच जागी विरली होती. असा हा शूर माणूस जगात एकाच गोष्टीला घाबरायचा: ज्या वाहनात आपल्या पायाशी ब्रेक नाही, त्या वाहनाला.

पण हे कबूल करतील तर ते मास्तर कसले! त्यांनी अट घातली. "माझ्या डोळ्यांदेखत त्या यंत्राने विमान सुखरूप उतरवून दाखवावं. उतरलं, तर मी येतो. नाही उतरलं, तर विषय बंद!"

मास्तरांचा हिशेब पक्का होता. त्यांच्यासमोर पहिल्या फटक्यात आजवर कोणीही पास झालेलं नव्हतं.

लेक त्यांचीच. तिने तिकडून फोनवर पायलट लोकांना शिकवायच्या केंद्रात तासभर वेळ ठरवून टाकला. "बाबा, तिथे हुबेहूब विमानाचा पुढचा भाग असतो. फक्त उडत नाही. या बघून!"

'फक्त उडत नाही' एवढ्या शब्दांवर विसंबून मास्तर गेले.

एका प्रचंड शेडमध्ये एक पांढरी पेटी सहा लोखंडी पायांवर उभी होती. तीन पुरुष उंच. आत जायला अरुंद पूल. मास्तरांनी खाली पाहिलं आणि कठडा दोन्ही हातांनी धरला.

"अहो, चला ना, मागे माणसं खोळंबलीत," बायको म्हणाली.

"मागे कोणी नाहीये."

"मी आहे!"

आत निवृत्त कॅप्टनबाई वाट पाहत होत्या. आवाज शांत, केस पांढरे, आणि घाबरणाऱ्या माणसाला लांबून ओळखणारी नजर. त्यांनी मास्तरांना पायलटच्या खुर्चीत बसवून पट्टे आवळले, बायकोला मागच्या खुर्चीत बसवलं आणि आपण शेजारी बसल्या. मास्तरांनी पायाशी पाहिलं तर काय, पेडल! त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

"घाबरायचं काही नाही," कॅप्टनबाई म्हणाल्या. "आज बाहेर दाट धुकं आहे असं समजायचं. मी ऑटोपायलट लावलाय. तोच विमान उतरवणार. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. तो म्हणजे तुमचा विद्यार्थीच समजा!"

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

पूल मागे सरकला. पेटी हलली. काचेपलीकडे पांढरंफटक धुकं आलं, इंजिनांचा आवाज भरला आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्ची आवळली. हे खोटं आहे, हे डोक्याला ठाऊक होतं. हातांना कोणी कळवलंच नव्हतं.

"कॅप्टनबाई, समोर काही दिसत नाही!"

"त्याला दिसायची गरज नसते."

"म्हणजे आंधळाच चालवतोय की! अरे ए, हळू घे! हळू! एवढ्या धुक्यात कोणी एवढ्या जोरात येतं?"

कोणी हात न लावता समोरचं चाक आपोआप डावीकडे झुकलं. मास्तरांच्या अंगावर काटा आला. भुताने स्टिअरिंग धरावं तसं ते दिसत होतं. शिकवायच्या गाडीत असा प्रसंग आला की मास्तर दोन बोटं स्टिअरिंगला लावून ठेवत. इथेही त्यांनी लावली.

"मास्तर, हात!"

"नुसता ठेवलाय हो, धरलेला नाही!"

नुसत्या ठेवलेल्या हाताचा अंगठा एका लाल बटणावर पडला. ते बटण ऑटोपायलट बंद करायचं. कर्कश भोंगा वाजला, विमानाने नाक खाली टाकलं आणि धुक्यातून एकदम जमीन अंगावर आली!

"उतरवा! मला उतरवा!" मास्तर ओरडले.

"तेच चाललं होतं!" म्हणत कॅप्टनबाईंनी इंजिनं पूर्ण रेटली आणि विमान पुन्हा वर नेलं. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. जीभ टाळूला. मागे वळून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "अगं, तू आहेस ना?"

"जाणार कुठे? पूल काढलाय."

"झालं तर मग, नापास झाला तो. चला घरी."

"तो नापास झाला नाही, तुम्ही त्याला खुर्चीतून ढकललंत," कॅप्टनबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा. या वेळी हात मांडीखाली."

मास्तर हात मांडीखाली घालून बसले. विमान पुन्हा धुक्यात उतरू लागलं. यंत्रातून बोलणारा माणूस फुटांत उंची मोजू लागला. पाचशे. तीनशे. दोनशे. माणूस कसला, यमाचा कारकूनच तो! मास्तरांना लेक आठवली. चार वर्षांची असताना ती सायकल शिकत होती आणि ते मागे सीट धरून पळत होते. शेवटपर्यंत त्यांनी सीट सोडलीच नव्हती. आपण गेलो नाही तर ती काय म्हणेल? आणि गेलो आणि वाटेत... पन्नास, म्हणाला तो. तीस.

धप्प! चाकं टेकली. सुरेख टेकली. खरं तर इथेच सगळं संपलं होतं.

पण टेकताक्षणी धावपट्टीचे दिवे समोरून सुसाट धावत आले आणि मास्तरांच्या कित्येक वर्षं सरावलेल्या पायाने आपलं काम केलं.

"ब्रेक! अरे ब्रेक मार, गाढवा!"

त्यांनी उजवं पेडल तळाला नेलं. फक्त उजवंच, म्हणजे ब्रेक लागला तो उजव्या बाजूच्या चाकांनाच. विमानाने गर्रकन उजवीकडे वळून धावपट्टी सोडली. पेटी वेड्या घोड्यासारखी उधळली. समोरून एक इमारत यायला लागली, तिच्या खिडक्या मोजता येतील इतकी जवळ! मांडीखालचे दोन्ही हात आपोआप सुटले आणि बाजूच्या भिंतीवर जे मोठं, लाल, गोल दिसलं त्यावर मास्तरांनी सगळं वजन टाकलं.

अंधार. शांतता. पेटी जागच्या जागी थिजली, नाक खाली आणि एक खांदा पाडून.

"मेलो का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," कॅप्टनबाई प्रथमच जरा तुटक बोलल्या. "तुम्ही संपूर्ण यंत्राचा वीजपुरवठा बंद केलात. पेटी वाकडी अडकली. आता पूल लागत नाही. शिडी मागवते."

म्हणजे आतापर्यंतची भीती खोटी होती, खरी आता आली! दार उघडलं तर खाली सिमेंटची जमीन आणि तिच्यावर शिडी धरून उभा असलेला मेकॅनिक. मास्तरांनी दाराची चौकट मिठीत घेतली.

"काका, खाली बघू नका!"

"बघत नाही रे! पण तू आहेस ना खाली?"

"आहे."

"शिडी घट्ट धरलीस?"

"मी शिडी धरलीय, तुम्ही चौकट सोडा!"

शिडी थरथरत होती. शिडीत दोष नव्हता. एकेक पायरी मास्तर इतक्या सावकाश उतरले की मेकॅनिकने मध्येच शिडी खांद्यावर टेकवून अवघडलेला एक हात झटकून घेतला. खाली पोचल्यावर ते जमिनीवरच बसले आणि वर बघून ओरडले, "अगं, ये लवकर!"

दारात बायको उभी राहिली. "मी नाही येत."

"घाबरू नकोस, मी आहे!"

"घाबरतंय कोण? अजून तास संपलेला नाही. विमान उतरल्याशिवाय मी उतरणार नाही. तुम्हीच वर या. अट तुमच्या डोळ्यांची आहे."

मेकॅनिकने वीज चालू केली, पेटी उसासा टाकत सरळ झाली, पूल लागला. मास्तर गेले. का गेले? तर बायको आत होती आणि ते बाहेर होते, आणि ही गोष्ट त्यांना विमानापेक्षाही सहन होईना. या वेळी त्यांना मागच्या खुर्चीत आवळलं. हातापायांच्या टप्प्यात काही नव्हतं. पायलटच्या खुर्चीत बायको बसली, मांडीवर हात ठेवून, स्टेशनवर गाडीची वाट पाहावी तशी.

पुन्हा तेच धुकं. तेच आकडे. मास्तर मागून कुजबुजत होते, "हळू रे बाळा... हळू..." चाक आपोआप हलत होतं आणि बायको त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. वीस. दहा. धप्प. विमान धावपट्टीच्या बरोबर मधोमध धावलं, मंदावलं आणि सभ्य माणसासारखं थांबलं.

कॅप्टनबाई खूश झाल्या. "वा! एवढं शांत भले भले बसत नाहीत. जमलं कसं तुम्हाला?"

"त्यात काय! लग्न झाल्यापासून यांच्या शेजारच्या सीटवर बसते. कशाला हात न लावता, तोंडातून शब्द न काढता पोचायची सवय आहे." मग ती वळली. "काय हो? बघितलंत ना उतरताना? की डोळे मिटले होते?"

मास्तरांना 'मिटले होते' म्हणायची सोय होती. तीस म्हटल्यापासून ते खरंच मिटले होते. पण तिच्या मांडीवरचे हात आता कुठे त्यांना नीट दिसले. एकमेकांत इतके घट्ट अडकवले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"बघितलं," मास्तर म्हणाले. "येतो."

पूल ओलांडताना या वेळी त्यांनी कठडा एकाच हाताने धरला. दुसऱ्यात बायकोचा हात होता. कोण कोणाला धरून होतं, ते विचारू नये.

दाराशी मात्र मास्तर रेंगाळले. बायको पुढे गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज उतरवून म्हणाले, "कॅप्टनबाई, एक विनंती होती. खऱ्या विमानात बसल्यावर पायलटला निरोप पोचवता येतो का? की मागे एक अनुभवी माणूस बसलाय, आज बरंच काही शिकून आलाय, वेळ पडली तर..."

"मुळीच पोचवू नका," कॅप्टनबाई कळवळून म्हणाल्या. "पायलटसुद्धा माणूसच असतो हो, मास्तर. उगाच घाबरेल!"