सायेबांची तबियत

भुजंगकाका गावात सगळ्यांना अरे-तुरे करायचे. सरपंचाला, तलाठ्याला, स्वतःच्या थोरल्या मेव्हण्यालासुद्धा. अहो-जाहो फक्त ट्रॅक्टरला.

परभणीच्या एका गॅरेजमागं गवतात पडलेला हा जुना विलायती ट्रॅक्टर त्यांनी भंगाराच्या भावात आणला होता. त्याला ते ‘सायेब’ म्हणत. सकाळी हँडल मारायच्या आधी बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, "काय सायेब, तबियत कशी हाय?" सायेब बिघडले असं कुणी म्हणायचं नाही, नाराज झाले म्हणायचं. मग काका बाभळीच्या काठीचं एक टोक इंजिनला लावत, दुसरं कानाला, आणि आम्हा पोरांना दटावत, "आदी ऐकावं. पाना मागून." काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं ऐकायची सगळी हौस सायेबांवरच फिटायची.

आमच्या शेजारच्या अंजनामावशी रोजानं शेतात जायच्या. नवरा वारलेला. त्यांच्या सरूचं लग्न ठरलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये एसट्या थांबल्यानं ते एकदा पुढं गेलं होतं, आणि मुलाकडची मंडळी आधीच कुरकुरत होती. वऱ्हाड जिंतूर रस्त्याच्या फाट्यावर उतरणार, तिथून पुढं गाडीवाट. काकांनी परस्पर सांगून टाकलं, वऱ्हाड सायेब आणतील. आदल्या दिवशी त्यांनी सायेबांना नखशिखांत लाल रंग दिला.

मी मदतीला ट्रॉलीत होतो. फाट्यावरून निघालो आणि थोडं पुढं जाताच सायेब घुरघुरून बंद पडले. काकांनी काठी लावली. डिझेल भरपूर होतं. फिल्टर धुतला, पाइपातली हवा काढली, हँडल मारलं, चालू. ओढ्याजवळ पुन्हा बंद. जरा थांबलं की सुरू व्हायचे, चालले की गुदमरायचे. ऊन चढलं. नवरदेव मुंडावळ्या सावरत बाभळीखाली जाऊन बसला. त्याचे मामा म्हणाले, असल्या गावची पोरगी करण्यापेक्षा परत गेलेलं बरं. आणि ते खरंच बायकांना उतरायला सांगू लागले.

काकांनी पुन्हा एकदा टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. काका थबकले. झाकण उन्हात धरून बघत राहिले. टाकीत हवा जायला झाकणाला बारीक भोक असतं. ते लाल रंगानं बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून डिझेल बाहेर येईना.

"मीच गळा दाबला की वो तुमचा," काका सायेबांना म्हणाले. बाभळीचा काटा मोडून त्यांनी भोक मोकळं केलं, बाहीनं झाकण पुसलं. मग मामांपुढं जाऊन उभे राहिले. माणसाला अहो-जाहो करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "बसा पाव्हणं. चूक माजी हाय, पोरीची न्हाई."

मामा बसले. सायेब गावापर्यंत एकदाही थांबले नाहीत, आणि अक्षता वेळेवर पडल्या.

दिवस कलताना सरूला घेऊन वऱ्हाड परत निघालं. अंजनामावशींना बायकांनी वेशीशी धरून ठेवलं होतं; त्या हात सोडवून ट्रॉलीमागं चालू लागल्या. पण ट्रॅक्टरच्या वेगाला त्यांचं चालणं पुरेना. त्या मागं पडत गेल्या, आणि गाव बरंच मागं राहिल्यावर ट्रॅक्टर थांबला. मामांनी कपाळाला हात लावला. काका उतरले आणि बॉनेट उघडून आत वाकले.

मी पाना घेऊन धावलो. विचारलं, आता काय झालं?

काकांनी मान वर केली नाही. "काई न्हाई झालं. मीच थांबवलं सायेबांना," ते हळूच म्हणाले. "तिची माय मागून यायलीय. यिऊ दे तिला."

मावशी धापा टाकत आल्या. सरू ट्रॉलीच्या फळीवरून खाली वाकली, आणि दोघी एकमेकींना धरून राहिल्या. काका रिकाम्या हातानं तसेच बॉनेटमध्ये वाकलेले. मामांनी विचारलं, अजून किती वेळ?

काका आतूनच म्हणाले, "लय नाजूक काम हाय, पाव्हणं. लागंल जरा येळ."