आदिनाथचा राजीनामा आणि गेटवरचा जाडा कुत्रा

मी वाल्मिक, नागापूर एमआयडीसीतला एकमेव गुप्तहेर. पगाराच्या चिठ्ठीवर 'टाईमकीपर' लिहिलेलं असतं, पण ते वेषांतर आहे आणि सहा वर्षांत ते कुणालाही ओळखता आलेलं नाही.

परवा सकाळी आमच्या मालकीणबाई राजेश्वरी मॅडमनी मला बोलावलं. आमच्याकडं पंपाचे शाफ्ट होतात, त्यातले निम्मे एकट्या आदिनाथच्या हातचे. त्यानंच राजीनामा दिला होता. कारण एवढंच, 'मन लागत नाही.' बाकीचेही महिनाभर तोंड पाडून काम करत होते. पगार वाढवला, पंखे बदलले, उपयोग शून्य. आदिनाथ गेला तर मोठी ऑर्डर जाणार होती. "खरं कारण शोधा," मॅडम म्हणाल्या.

मी भिंग काढलं. आधी संशय समोरच्या कारखान्यावर, त्यांनीच फूस लावली असणार. पण तिथला वॉचमन मलाच विचारू लागला, तुमच्याकडं जागा आहे का. मग संशय चहावर. सात कप प्यालो, पित्ताखेरीज काही हाती लागलं नाही. शेवटी गेटवरचा कुत्रा दिसला. महिन्याभरात तो दुप्पट झाला होता. शत्रूचा हेर, दुसरं काय? मी त्याच्यावर पाळत ठेवून उकिडवा बसलो, तेवढ्यात झाडू घेऊन दगडाबाई आल्या.

"त्येला काय बघता? समद्यांच्या डब्यातली निम्मी भाकर त्येच्या पोटात जाती. पैलं एक वाजता गोल करून बसायचे, ह्येची भाजी त्येला, त्येचा ठेचा ह्येला. आता येकेकाला येगळी सुट्टी. मशिनीकडं त्वांड करून एकट्याला घास उतरतोय व्हय?"

ही फोडाफोड कुणी केली, असं मी करड्या आवाजात विचारलं. त्यांनी झाडूनं फळ्यावरची नोटीस दाखवली. मशीन बंद राहू नये म्हणून जेवणाची सुट्टी आळीपाळीनं. खाली सही माझी होती.

गुन्हेगार सापडला. मी स्वतः सहा वर्षं केबिनमध्ये एकटाच जेवतोय, त्यामुळे यात काही गुन्हा आहे हे मला कळलंच नव्हतं. याचं मात्र खरंच वाईट वाटलं.

मॅडमना सगळं कबूल केलं, नोटीस फाडली आणि एक वाजता सगळ्यांसाठी एकदमच भोंगा दिला. डबे लिंबाखाली जमले. आदिनाथनं मॅडमकडून राजीनामा परत मागून घेतला, मातीवर पसरला आणि त्यावर ठेच्याचा डबा ठेवला. मग सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बसा टाईमकीपर. हात धुतले का?"

मी भिंग खिशात ठेवलं आणि बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्यामुळं असं मी सगळ्यांना सांगितलं. ठेचा अजून वाढायचा होता.