नव्या सायकलच्या प्रदक्षिणा

"सायकल कशी निवडायची, ते मला कुणी शिकवू नये!"

पेणच्या दुकानात पाऊल ठेवताच अष्टमी गावच्या दत्तात्रेयांनी जाहीर केलं. तरुणपणी ते कंपनीत शिफ्टला सायकलवरूनच जात. पुढे स्कूटर आली, तिच्यामागून पोट आलं आणि शेवटी निवृत्ती. पण हा तपशील त्यांच्या मते किरकोळ होता.

सोबत बायको सीताबाई आणि पेणचे व्याही हैबतराव. जगातल्या सगळ्या वस्तू आपल्याला विचारून घ्याव्यात, असं हैबतरावांचं मत. त्यांनी जाड टायरची, सरळ हँडलची एक सायकल पुढे ओढली.

"ही घ्या, व्याहीबुवा. स्टँड हाय, कॅरिअर हाय. या वयात हीच बरी."

या वयात! झालं! ती सायकल जागच्या जागी बाद झाली. आता प्रश्न सायकलचा उरलाच नाही, इभ्रतीचा झाला. दत्तात्रेयांनी कोपऱ्यातली वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची सायकल गाठली आणि एका हाताने उचलून दाखवली.

सीताबाई तिच्याभोवती फिरल्या. "अहो, मडगार्ड नाय, घंटी नाय, स्टँड नाय. अर्धीच सायकल देतोय हा!"

"रेसची हाय गो ती!"

"आणि ही सीट हाय की उलथनं?"

दुकानदाराने पेडलमध्ये अडकणारे खास बूट आणले. "काका, हे सोडवायचे कसे तेवढं बघून घ्या. आधी टाच..."

"अरे, तुझ्या जन्माआधीपासून सायकल मारतोय मी!"

"शनिवारी येतो अष्टमीला," हैबतराव मिशीतल्या मिशीत हसले. "बघू तरी, कशी मारता ती."

आळीत नवं वाहन आलं की आधी मारुतीला दाखवायचं, ही रीत. शनिवारी सीताबाईंनी देवळासमोर सायकलला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. दत्तात्रेय ओट्याला धरून सीटवर चढले. खटक! खटक! दोन्ही बूट पेडलमध्ये बसले. लिंबं चिरडली आणि स्वारी निघाली!

देवळाभोवतीची पहिली फेरी अशी झोकात झाली की हैबतरावांचं हसू मावळलं. दुसऱ्या फेरीला त्यांच्यापुढेच थांबायचं, ऐटीत उतरायचं, असा बेत. दत्तात्रेयांनी पाय ओढला. पाय येईना! वर ओढला, मागे ओढला. बूट काही पेडल सोडेना! थांबावं तर आडवं व्हायचं, तेही व्याह्यांच्या पायाशी! त्यापेक्षा फिरत राहिलेलं बरं.

"अहो, थांबा की आता!" सीताबाई ओरडल्या.

"अजून एक!" दत्तात्रेय दात दाखवत पुढे गेले. पुढच्या फेरीलाही तेच. त्याच्या पुढच्याही!

शनिवार असल्याने देवळात बायकांची गर्दी होती. आळीतली सर्वांत म्हातारी धोंडुबाई रुईची माळ घेऊन आली होती. तिने जरा वेळ निरखून पाहिलं आणि गालावर बोट ठेवलं.

"नवस दिसतोय गो यांचा!"

व्हय, नवसच! एवढ्या उन्हात दुसरं कोण फिरेल? बायकांनी वाट मोकळी करून हात जोडले. भजनी मंडळाने टाळ काढले. पाय भाजू नयेत म्हणून कुणीतरी सवयीने वाटेवर घागरभर पाणी ओतलं. सायकल घसरता घसरता वाचली आणि दत्तात्रेय "मारुतीराया!" असे कळवळून ओरडले. ते ऐकून तर हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"दमला गो जीव," म्हणत धोंडुबाईने रुईची माळ त्यांच्या गळ्याकडे फेकली. नेम चुकला. माळ साखळीत गेली, चाक कुरकुरलं, सायकल मंदावली. सीताबाईंनी एका बाजूने आणि हैबतरावांनी दुसऱ्या बाजूने ती धरली.

"चला, दर्शन घ्या," हैबतराव हात जोडून म्हणाले.

दत्तात्रेय जागचे हलेनात. त्यांनी सीताबाईंकडे केविलवाणं पाहिलं. सीताबाईंनी पायांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"अहो, बूट काढा की! देवळात काय बुटासकट जाणार?" त्यांनी वाकून बुटांचे पट्टे चरचर उघडले. पाय अलगद बाहेर आले, बूट पेडललाच लटकत राहिले. एवढ्या फेऱ्यांत ही साधी गोष्ट दत्तात्रेयांना सुचली नव्हती!

ते अनवाणी मारुतीपुढे उभे राहिले. हैबतरावांनी त्यांचा हात धरला.

"व्याहीबुवा, मी उगाच वयावरून बोललो. माफ करा. पण नवस काय बोलला होतात?"

थाप तयार होती, पण समोर साक्षात मारुती! दत्तात्रेयांनी मान खाली घातली.

"हाच, की ही सायकल एकदाची थांबू दे!"

टाळ थांबले.

"पावला गो बाय, लगेच पावला!" धोंडुबाई म्हणाली आणि तिने लटकत्या बुटांना मनोभावे नमस्कार केला.