दोन हजार किलोमीटरची धूळ

आधीच सांगून ठेवतो, हवेतलं मला कळतं! उगीच फुशारकी नाही. नऊ वर्षं मी संस्थेच्या गच्चीवर हवाच मोजतोय. आणि नऊही वर्षं हंगामी! दरवर्षी करार संपतो, दरवर्षी मी संचालकांसमोर हात जोडून उभा राहतो, आणि ते "बघू" म्हणतात.

त्यामुळे माझ्या यंत्रात चमकणारी धूळ सापडली तेव्हा मी उडालोच! हे यंत्र दिवसभर हवा ओढतं आणि तिच्यातला कचरा एका गोल कागदावर गोळा करतं. त्या कागदावर निकेल, क्रोमियम आणि चक्क निओबियम! निओबियम काय रस्त्यावर पडलेलं असतं? मी संगणकाला वाऱ्याचा उलटा माग काढायला लावला. त्यानं दोन हजार किलोमीटरवरच्या एका वाळवंटावर बोट ठेवलं. म्हटलं, झालं काम! आता नोकरी कायम!

धूळ मात्र शिस्तीची होती. सकाळी साडेनऊला यायची. एक ते दोन गायब. साडेपाचला बंद. रविवारी सुट्टी! दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी सिद्धांत मांडला की वाळवंट दुपारी एक वाजता श्वास रोखून धरतं. त्याला नाव दिलं 'मध्यान्ह-विराम'. रविवारसाठी 'साप्ताहिक लय'. मधे तीन आठवडे धूळ फिरकलीच नाही, त्याला 'महाविराम'! आमच्या धंद्यात नाव ठेवलं की निम्मं काम झालं. निबंध लिहून मी छापायलाही धाडला.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती त्याच इमारतीत, माझ्या गच्चीच्या बरोब्बर खाली, मिश्रधातू विभागात असते. विमानाच्या इंजिनात तापून लाल झाला तरी वाकणार नाही असा धातू बनवते. त्यात काय काय घालते ते विचारलेलं तिला खपत नाही, आणि मी ढगांवर बोलायला लागलो की ती बसल्या जागी घोरते. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ठरलं, घरात ऑफिस आणायचं नाही. अकरा वर्षं आम्ही हे इमानेइतबारे पाळलं. डोंबलाचं इमानेइतबारे!

निवड समितीसमोर मी तासभर बोललो. वाळवंटाचा श्वास काढून दाखवला तेव्हा एक सदस्य दचकून जागे झाले. शेवटी संचालक म्हणाले, "छान! पण धातूतलं आम्हाला काय कळतं? खालून कुणाला तरी बोलवा."

दार उघडलं. हातमोजे काढत बायको आत!

तिनं माझा तक्ता वाचला. एकेक टक्का बोट ठेवून वाचला. तिचा असा चेहरा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तिची संशोधनाची वही मी चुकून रद्दीत घातली तेव्हा.

"मॅडम, हे मूळचं कुठलं असावं?"

मी डोळ्यांनीच तिच्या पाया पडलो. नऊ वर्षं, बाई! सांभाळून घे!

"सर, हे मी बनवलंय."

"काय?"

"हा माझा मिश्रधातू. मी याच्या चकत्या घासते, भुकटी पंख्यातून बाहेर जाते. पंख्याला गाळणी बसवा म्हणून तीनदा अर्ज केलाय. तुमच्याच टेबलावर आहे."

संचालकांनी चपळाईनं विषय बदलला. "पण हे दोन हजार किलोमीटर?"

"सोळा फूट, सर."

"आणि मध्यान्ह-विराम?"

"जेवायला जाते मी."

"महाविराम?"

"माहेरी गेले होते."

मघाचे सदस्य आता टक्क जागे होते. "अहो, तीन आठवडे घरात बायको नाही आणि गच्चीवर धूळ नाही, तरी तुमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही?"

"मला वाटलं, योगायोग!" मी म्हणालो. खोलीत जे हसू फुटलं, ते अजून माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर मी कडाडलो. "एकदा खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"चार वर्षं खपून केलेला धातू वाळवंटाच्या नावावर करू?"

तिचं बरोबर होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

मी टेबल आवरायला घेतलं. आठव्या दिवशी संचालकांनी तातडीनं बोलावणं धाडलं. त्यांच्या हातात दूरच्या एका विद्यापीठातल्या संशोधकाचं पत्र होतं. माझा छापून आलेला निबंध वाचून त्यानं आपल्या गच्चीवरची हवा तपासली होती. तशीच चमकणारी धूळ! मध्यान्ह-विराम अगदी स्पष्ट! साप्ताहिक लयसुद्धा!

"बाहेरून दुजोरा आलाय!" संचालकांचे डोळे पाणावले होते.

"पण सर, सोळा फूट..."

"अहो, ते घरातलं मत झालं. हे बाहेरचं आहे!"

तिसऱ्या दिवशी हुकूम हातात पडला. कायम! बायकोनं तो दोनदा वाचला.

"आणि माझी गाळणी?"

"नामंजूर," मी जमिनीकडे बघत म्हणालो. "संशोधनात अडथळा येतो म्हणे."

तिनं हुकूम टेबलावर आपटला आणि चौथा अर्ज लिहायला बसली.

त्या संशोधकाला मी आभाराचं पत्र लिहिलं. राहवेना, म्हणून खाली एक ओळ टाकली, "आपल्या सौभाग्यवती काय करतात?"

आठवड्याभरात उत्तर आलं. "धातुशास्त्रज्ञ आहे. माझ्याच खालच्या मजल्यावर बसते. का बरं? आणि एक विनंती. मीही सात वर्षं हंगामी आहे. पुढच्या महिन्यात माझी निवड समिती बसतेय. तुमच्याकडून दुजोऱ्याचं पत्र मिळेल का?"

दिलं! काय करणार? बाहेरचा माणूस ना मी!