त्रिंबक कासारांच्या उजव्या हाताची मोहीम

ज्याच्या धडावर दुसरे मस्तक बसवूनही कारभार चालिला, त्या गजाननास नमन करून लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमीचे सकाळी त्रिंबक कासार दुकानी बांगड्यांचे जुडगे सोडीत असतां त्यांचे मस्तकराज्यात घात जाहला. डावे बाजूस उजव्या हाताचे ठाणे होते, त्याची रक्ताची वाट एका गुठळीने रोखिली, आणि ठाणे उपाशी मेले, आणि उजवा मुलूख हुकुमावाचून लुळा पडला. इस्पितळी जीव राहिला, हात गेला. आणि फाल्गुनात कन्या रेवती हिचे लग्न! गावच्या लेकींचे हिरवे चुडे ज्यांनी भरिले, त्यांनी आपल्या लेकीचा परक्याकडून भरवावा, हे कासारांस मरणाहून वाईट. मग घरी मायेचा अंमल बसला. पत्नी सगुणाबाई घास भरवीत, उरले काम डावा हात करी, लोक त्यास शाबासकी देत, आणि उजव्याची कोणास आठवणच न राहिली. गुठळीने अर्धे बुडविले, बाकीचे लाडाने बुडविले, हे स्पष्ट लिहितो. कोणास राग येवो.

मग व्यायामाच्या डॉक्टरीण निलोफर मुजावर दाखल जाहल्या आणि म्हणाल्या, “काकू, भरवायचं बंद. तुमच्या मायेनंच हात झोपलाय.” सगुणाबाई खवळल्या, “मग काय उपाशी ठेवू माणसाला?” त्रिंबकराव अडखळत बोलिले, “ठेव. चुडा... मीच भरणार.” मग डावा हात पिशवीत बांधिला, आणि गुडघ्यांत लाटणे उभे धरून त्यावर उजव्याने बांगडी चढवावी, दिवसास दोनशे वेळ, ऐसा हुकूम जाहला. आठ दिवस बांगडी लाटण्यापावेतो पोचेना, घास ताटाबाहेर पडे, आणि त्रिंबकराव रडत, आणि रडत रडत पुन्हा हात पुढे करीत. तेव्हां मस्तकात हालचाल जाहली. मस्तकाचे पलीकडील उजव्या अर्ध्याचे सरकार आधी मदतीच्या नावे गोंगाट फार करी, ते हळूहळू गप्प बसले, आणि मेल्या ठाण्याच्या शेजाऱ्यांनी त्याचा कारभार उचलिला, आणि रोजच्या वर्दळीने आडवाटांचे रस्ते जाहले. पौषात पहिला घास मुखी गेला.

चुड्याचे दिवशी नातलगांनी खबरदारी म्हणोन दुसरा कासार आणिला होता. त्रिंबकरावांनी डाव्या हाताने लेकीचा पंजा आवळिला, उजव्याने पहिली बांगडी सरकविली, आणि ती फुटली. दुसरा कासार पुढे सरकला. रेवती म्हणाली, “काका, तुम्ही बसा. आबा, दुसरी घ्या.”

सारांश, चुडा पुरा व्हावयास दीड तास लागला, तीन बांगड्या फुटल्या, मेले ठाणे मेलेच राहिले आणि इतरांनी मुलूख राखिला. रेवतीच्या मनगटास ओरखडा आला, तो तिने भर मांडवात पदराने झाकिला नाही.