मोगरीचा पान्हा, जेरार्डची ढाल

"आज ढाल घेऊनच येतो! भिंतीवर जागा करून ठेव, कॉन्सेप्टा!"

शारजातल्या अल धैदच्या वाळूत चाळीस गाईंचा गोठा थाटून बसलेला वसईचा जेरार्ड दुपारी बायकोला असं गर्जून सांगत घरातून निघाला. बरोबर शाळकरी लेक क्रिस्टिना, काखोटीला चार लाडके गोळे. लॉन बोल्सचे! हिरवळीवरून गोळा घरंगळत सोडायचा आणि जॅक नावाच्या इवल्याशा पांढऱ्या चेंडूच्या कुशीत नेऊन निजवायचा, एवढाच खेळ. पण दुबईच्या क्लबात जेरार्ड लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन. आज जिंकला की ढाल कायमची त्याची!

सराव मात्र गोठ्यात. दोन्ही वेळच्या धारांना, गाईंच्या दोन रांगांमधल्या सिमेंटच्या बोळात गोळे गडगडायचे आणि गाई करवल्यांसारख्या दोन्ही बाजूंनी बघत राहायच्या.

फायनलला समोर होता पुण्याचा चारुदत्त. बँकेत मोठा साहेब, बोलणं साखरेचं, गोळा सोडणं पाळण्यात बाळ ठेवल्यासारखं. बरोबरी झाली. शेवटचा डाव उरला. तेवढ्यात जेरार्डचा फोन वाजला.

"जेरार्ड, गाई धार देत नाहीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मशीन लावलंय, नळीत नुसता वारा! कासा तटतटल्यात, मोगरी कळवळतेय, पण पान्हा सोडतील तर शपथ!"

"अगं, गाणं म्हण!"

"म्हटलं की!" कॉन्सेप्टा लग्नघरची गाणारी बाई. तिनं फोनवरच पुन्हा सूर लावला:

"सोड गं सुरंगी, दुधाची धार,
टँकर उभा गं, उघडलं दार!"

सुरंगीनं असं काही उत्तर दिलं की अख्ख्या क्लबानं मान वळवली.

"तुझ्या गोळ्यांची गडगड हवीय त्यांना! मी कलिंगड लोटलं, ते फुटलं. सिलिंडर लोटला, तर सुरंगीनं लाथ घातली! काहीतरी कर!"

घरी जायचं तर शारजाचा जॅम. पोचेपर्यंत कासा सुजल्या असत्या. आणि मोगरी तर त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली! जेरार्डनं पंच एमानबाईंपुढे हात जोडले.

"समोरच्याची हरकत नसेल तर दहा मिनिटं," एमान म्हणाली. "एक सेकंद जास्त नाही."

"जा हो जेरार्डशेठ," चारुदत्त विरघळला, "गाईचं काम, पुण्यच लागेल!"

हिरवळीवर गोळा मांजराच्या पावलांनी चालतो. आवाजच नाही! म्हणून जेरार्ड गोळे कवटाळून पार्किंगकडे धावला. फोन सिमेंटवर ठेवला, गोळा सोडला. गडगडगड! पण सरळ जाणं या गोळ्याच्या रक्तातच नाही. मस्त वळसा घेऊन तो एका लँड क्रूझरखाली शिरला. चॅम्पियन पोटावर आडवे!

"सोडला का?"

"नाही!"

दुसरा गोळा. "आता?"

"मोगरीनं कान हलवला!"

"मग कानातून धार काढतेस का, कॉन्सेप्टा?"

"डॅडी, प्लीज!" क्रिस्टिना ओढणीत तोंड लपवत म्हणाली. "पीपल आर फिल्मिंग यू!"

तिसरा गोळा गेला, चौथाही गेला. गोठा ढिम्म! आणि मागून एमानचा आवाज आला, "मिस्टर जेरार्ड, खलास. वेळ संपली. सामना चारुदत्त यांचा."

जेरार्ड गाडीखालून हळूहळू बाहेर आला. कपाळाला ऑइल, गुडघ्याला खरचटलेलं. त्यानं फोन तोंडाशी धरला आणि दोन वर्षांचं चॅम्पियनपण फुटलं.

"अगं भवान्यांनो! मोगरे, तुला मांडीवर घेऊन पाजलं गं मी! सुरंगे, सटवे, तुझ्या डोक्यावर गार फवारे आणि मी घामात भिजतो! वाळवंटात हिरवा चारा खाता, महाराण्यांनो, आणि मला असं तोंडघशी पाडता?"

फोनमधून आवाज आला. झर्रर... झर्रर... झर्रर!

"सोडला! जेरार्ड, सोडला रे! सगळी रांग वाहायला लागली!"

"गोळा तर केव्हाच थांबलाय," जेरार्ड चक्रावला.

"गोळ्याचं काय घेऊन बसलास! रोज नेम चुकला की तू जे बडबडतोस ना, त्याचीच सवय लागलीय त्यांना. आता गप्प का झालास? पलीकडची रांग राहिलीय अजून. यल्ला, चल, बोल लवकर!"

हिरवळीवर चारुदत्त छातीशी ढाल धरून फोटोसाठी हसत उभा होता. जेरार्डनं एकदा तिकडे बघितलं. मग उरलेल्या वीस गाईंसाठी त्याला शब्द शोधावे लागले नाहीत.