विश्रामची पाण्यातली स्कूटर

सीट उचलली तेव्हा आतून कोंबडी निघाली. नुसती निघाली नाही. आपल्या घरात हा कोण शिरला, अशा नजरेने तिने विश्रामकडे पाहिलं आणि मग सावकाश अंगणात उतरली. स्कूटरबरोबर टेंपोतून ती फुकट आली होती. तिच्याखाली चार अंडी, अंड्यांखाली उंदरांनी कुरतडलेला स्पंज आणि स्पंजाखाली गंजून एकजीव झालेलं इंजिन.

"ह्येच्यावर बसनार कोन?" जिवल्या तांडेलाने विचारलं. तो विश्रामचा लहानपणापासूनचा सोबती. दांडीच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची होडी होती.

"मी."

"कोंबडी बसली व्हती तेच बरं व्हतं."

समुद्रकाठचं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं. पर्यटकांना पाण्यावर पळवायची ही स्कूटर तिथल्या माडाखाली चार वर्षं उन्हापावसात पडून होती. विश्राम ती घरी घेऊन आला, तेव्हा पन्नाशीच्या माणसाला हे काय सुचलं म्हणून कुणी हसलं नाही. सगळ्यांना कारण ठाऊक होतं.

गेल्या वर्षी विसर्जनाला विश्रामचा धाकटा भाऊ शैलेश मूर्ती घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात गेला. मूर्ती बुडाली, ओहोटी लागली आणि शैलेश परत वळलाच नाही. होड्या सगळ्या वाळूवर ओढलेल्या, माणसं सगळी ढोलाभोवती. एक होडी ढकलत पाण्यात न्यायला आणि तिचं इंजिन चालू करायला चाळीस मिनिटं लागली. विश्राम बोईसरच्या कारखान्यात पंपफिटर. पंप किती वेळात किती पाणी ओढतो हे घड्याळावर बघायची त्याला सवय. त्या दिवशीही त्याचं लक्ष घड्याळाकडेच होतं. शैलेश तिसऱ्या दिवशी सापडला.

पुढे देवळात कीर्तन झालं. मगरीने हत्तीचा पाय धरला आणि हत्तीने हाक मारली, तेव्हा देव वाहनाचीही वाट न बघता अनवाणी धावत सुटला, हे बुवांनी असं काही आळवून गायलं की अख्खं देऊळ रडलं. विश्राम रडला नाही. देव धावत किती मिनिटांत पोचला असेल, याचा तो विचार करत बसला. वाहन चांगलं असतं तर आणखी लवकर पोचला असता, एवढंच त्या कीर्तनातून तो घरी घेऊन आला. बुवांना हे कळलं असतं तर त्यांनी टाळ खाली ठेवले असते.

"ह्याला पंखा नाय," तो जिवल्याला समजावून सांगू लागला. "पोटातून पानी वढतो आनि मागून फेकतो. पंपच हाय हा. आनि पंप मला शिकवू नको."

तीन महिने रोज ड्यूटीवरून आला की तो त्या यंत्रापुढे बसायचा. इंजिनात तेल ओतून आठ दिवस मुरत ठेवलं, तेव्हा कुठे ते हललं. टाकीतल्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकटा झाला होता, तो खरवडून काढला. पोटाखालच्या जाळीच्या तीन सळ्या गंजून गळून पडल्या होत्या. कारखान्यात पंपाच्या तोंडाला जाळी नसती तर विश्रामने समोरच्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. इथे मात्र तो म्हणाला, "मासा शिरला तर शिरला."

इंजिन तापू नये म्हणून नळी लावून पाणी सोडायला शैलेशची बायको सुलू उभी राहायची. वर्षभर ती समुद्राकडे फिरकली नव्हती. गावात राहून समुद्र टाळायचा म्हणजे सोपं काम नाही. ती बाजाराला जायची तीसुद्धा मागच्या वाटेने. यंत्र पहिल्यांदा धडधडलं तेव्हा अंगण धुराने भरलं, कोंबडी माडावर चढायला बघू लागली आणि सुलू कितीतरी दिवसांनी हसली. दहा सेकंदांनी यंत्र बंद पडलं. हसूही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी स्कूटर हातगाडीवरून किनाऱ्यावर आली. आता दांडीत नवी होडी नारळ-हाराशिवाय पाण्यात जात नाही, तर ही कशी जाणार? झेंडूचा चांगला सहा हात लांब हार सुलूनेच ओवला होता. साध्या दोऱ्यातला हार समुद्रावरच्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून जिवल्याने जाळं विणायचा नायलॉनचा दोरा दिला होता. हार घालायला सुलू पुढे झाली तशी मागे दोघी-तिघी बायका कुजबुजल्या. नवरा गेलेल्या बाईचा हात कशाला, असं काहीसं.

"तिचाच हात लागंल," विश्राम मागे न बघता म्हणाला. "यंत्र कोनापायी काडलंय?"

कुजबुज थांबली. सुलूने हार घातला. विश्रामने पोहण्याचं जाकीट चढवलं, देवाचं नाव घेतलं आणि निघाला.

स्कूटर खरोखरच सुटली. पन्नास, शंभर, दोनशे हात. मग एका लाटेवर उडी बसली, हार सुटून पुढे पाण्यात पडला आणि विश्राम त्यावरूनच गेला. इंजिन एकदम किंचाळलं आणि स्कूटर जागच्या जागी उभी राहिली. पंपाने काहीतरी गिळलं, हे त्याने तीन सेकंदांत ओळखलं. कारखान्यात एवढ्या झटपट दोष कुणी ओळखला नसता. त्या ज्ञानाचा इथे काडीचा उपयोग नव्हता. खाली वाकून त्याने हात घातला, तर पिवळ्या पाकळ्या वर आल्या. दोरा मात्र आत घट्ट आवळून बसला होता. साधा दोरा असता तर केव्हाच तुटला असता.

ओहोटी लागली होती. गेल्या वर्षीचीच वेळ, तीच ओढ. विश्रामने दोन्ही हात वर करून हलवले. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, फेरी मारून दाखवतोय. त्यांनीही हात हलवले. त्याने आणखी जोरात हलवले, तसे त्यांनी ढोल आणखी जोरात वाजवले. गाव एवढं कौतुक करतंय आणि आपण चाललोय! त्याने घड्याळ पाहिलं. शैलेशला शेवटी असंच दिसलं असेल, गुलाल आणि हलणारे हात, हे त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि कीर्तनात न आलेलं रडू त्याला तिथे, मोडक्या स्कूटरवर आलं.

एक सुलू तेवढी हात हलवत नव्हती. ती पाण्याच्या कडेने पळत सुटली होती.

जिवल्याची होडी त्याच्यापाशी पोचली तेव्हा विश्रामचे डोळे घड्याळावरच होते.

"सा मिन्टं," तो म्हणाला. "सा मिन्टांत कसा आलास?"

"सकालपासून व्हडी पान्यात हाय. विंजिन चालू ठेवून बसलोय."

"कशापायी?"

"तुजं यंत्र अंगनात चालताना बगितलं ना मी." जिवल्याने दोर टाकला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "गेल्या साली ढोल मीच वाजवत व्हतो, विश्रामा."

विश्रामने दोर स्कूटरला बांधला.

वाळूवर स्कूटर आडवी केली. सुलू तिच्या पोटाशी बसून कोयत्याच्या टोकाने एकेक वेढा कापत होती. तिचा पदर पाण्याने भिजला होता, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटचा वेढा निघाला, त्याच्यासोबत चेंगरलेला झेंडू. तो तिने समुद्रात सोडला.

"चुकलं माजं, दादा," ती म्हणाली. "पुडल्या सालाला साद्या दोऱ्यात ओवीन."

विश्रामने पाण्याकडे पाहिलं. जिवल्याची होडी अजून तिथेच, इंजिन चालू ठेवून उभी होती. शेजारी आणखी दोन आल्या होत्या.

"नको," तो म्हणाला. "यंत्र अडकंल ह्या भ्यानं व्हड्या पान्यात ऱ्हातील. नायलॉनातच ओव."